ठोकलेली गाडी सरळ कधी चालते?

अपघाताची दुरुस्ती होऊन गाडी बाहेर येते तेव्हा बोनेट, बंपर, लाइट नवे असतात, रंग जुळलेला असतो, बिलात ‘व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ अशी ओळ असते आणि सोबत हिरव्या आकड्यांचा कागदही मिळतो. थोड्याच दिवसांत मालक पुन्हा गॅरेजच्या दारात उभा असतो. गाडी डावीकडे ओढते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे राहते. ऐंशीच्या पुढे पुढचा भाग लहरतो. नवा टायर आतल्या कडेने खाल्ला. गॅरेजवाला पुन्हा अलाइनमेंट करून देतो, कागद पुन्हा हिरवा येतो आणि तक्रार तशीच राहते.

कागद खोटा असतो असे नाही. बहुतेक वेळा तो खराच असतो. मग गाडी सरळ का चालत नाही, हे कोणी शोधायचे, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या खर्चाने, यावर डेंटर, अलाइनमेंटवाले, कंपनीची बॉडीशॉप आणि विमा सर्व्हेअर यांची मते वेगवेगळी आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली परिस्थिती समोर ठेवून त्या मतांचा हा आढावा.

धडक कुठे बसली

निदानाची सुरुवात मशीनवर होत नाही, धडक कशी बसली या माहितीपासून होते. याबाबतीत आपल्या दोन जिल्ह्यांचे काही खास प्रकार आहेत. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरवळपासून कराडपर्यंत सातारा जिल्ह्यातून आणि पुढे कासेगाव, पेठ नाका, कामेरीवरून सांगली जिल्ह्यातून जातो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे जाताना लागणारे एस-वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. सहापदरीकरणाच्या कामामुळे वळवलेले रस्ते आणि काँक्रीटचे तात्पुरते दुभाजक यांची भर पडली आहे. हंगाम सुरू झाला की कारखान्यांकडे जाणाऱ्या, मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या आणि अनेकदा मागे लाल दिवाही नसलेल्या ट्रॅक्टरांची रांग त्याच रस्त्यावर येते. शिवाय पसरणी, यवतेश्वर, कुंभार्ली हे घाट आहेतच.

हे तपशील निदानासाठी फार मोलाचे असतात. उसाच्या ट्रॉलीचा मागचा भाग उंच असतो. कार तिच्याखाली घुसते तेव्हा मार बंपरच्या वर बसतो: बोनेट, एप्रन आणि जंपरचे वरचे टोक जिथे बसते तो टॉवर. दुभाजकाच्या कडेवर किंवा मोठ्या दगडावर चाक आदळते तेव्हा मार खाली बसतो: रिम, लोअर आर्म, नकल, टायरॉड, क्रॉस मेंबर. घाटात चाक कडेच्या गटारात गेले तर एकाच कोपऱ्याला खालून झटका बसतो आणि बाहेरून गाडीवर ओरखडाही नसतो. तिन्ही गाड्यांची तक्रार ‘डावीकडे ओढते’ अशी एकच असू शकते. बिघाडाच्या जागा मात्र तीन. जॉबकार्डवर ‘ॲक्सिडेंट रिपेअर’ एवढेच लिहिलेले असेल तर पुढच्या माणसाची सुरुवातच अंधारात होते.

पुराचा उल्लेखही करायला हवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत सांगलीतल्या अनेक गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाडीचा पुढे अपघात झाला तर गंजलेले हब बेअरिंग आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या जोडण्यांचे दोषही अपघाताच्या खात्यावर जमा होतात. गाडीचा पूर्वेतिहास विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दोरीपासून कॅमेऱ्यापर्यंत

अलाइनमेंट म्हणजे एकेकाळी दोरी, टेप आणि मिस्त्रीची नजर. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणायची, रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून तिचे अंतर मोजायचे आणि टायरॉड फिरवून चाके किंचित आत घ्यायची. जीप, ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जगात एवढ्यावर भागत असे. ठोकलेल्या चेसिससाठी ओळंब्याची रीत होती: चेसिसच्या ठरावीक बिंदूंवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खुणा करायच्या, गाडी ढकलून बाजूला काढायची आणि जमिनीवर उरलेल्या खुणांचे कर्ण टेपने मोजायचे. दोन कर्णांत फरक आला की चेसिस पतंगासारखी तिरकी झाली आहे हे कोणालाही दिसे. बोलेरो, स्कॉर्पिओ आणि पिकअप यांसारख्या वेगळी चेसिस असलेल्या गाड्यांना ही रीत आजही लागू पडते. ती स्वस्त आहे, आणि जमीन सपाट असेल तर भरवशाचीही आहे.

बदल झाला तो डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून. तिची पुढची रचना मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीची होती. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची ही कल्पना १९५० च्या सुमारास फोर्डच्या कॉन्सलसारख्या गाड्यांतून रूढ झाली. यात जंपर हाच चाकाचा खांब असतो. त्याचे वरचे टोक बॉडीच्या टॉवरला बांधलेले असते आणि खालचे लोअर आर्मला. म्हणजे चाकाचा कोन बॉडीच्या पत्र्यावर अवलंबून राहू लागला. पत्रा सरकला की कोन सरकतो. डेंटिंग आणि अलाइनमेंट हे तोवर वेगळे असलेले दोन धंदे इथे एकमेकांत अडकले, पण गॅरेजे मात्र वेगळीच राहिली. आज आपण ज्या वादाबद्दल बोलतो त्याचे मूळ मला इथेच दिसते.

मोजमापाची साधने पुढे झपाट्याने सुधारली. टर्न प्लेट आणि गेज, मग चाकांना लावायचे इलेक्ट्रॉनिक सेन्सर आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेली कॅमेऱ्याची थ्री-डी पद्धत. आता पुदुच्चेरीच्या मॅनाटेकसारख्या भारतीय कंपन्याही थ्री-डी मशीन बनवतात आणि ती तालुक्याच्या गावांतल्या टायर दुकानांतही दिसतात. बॉडी ओढायचे आणि मोजायचे बेंच, म्हणजे फ्रान्सच्या सेलेट किंवा स्वीडनच्या कार-ओ-लायनरसारख्या कंपन्यांची साधने, एवढी सर्वदूर पोहोचलेली नाहीत. कोन मोजण्याची सोय मुबलक आणि तो कोन ज्या बॉडीवर टेकला आहे ती मोजण्याची सोय मोजकी, अशी आजची स्थिती आहे.

कागद कसा वाचावा

मशीन सांगते ते आकडे थोडक्यात असे. टो म्हणजे वरून पाहिले असता चाके पुढे आत वळली आहेत की बाहेर. केंबर म्हणजे समोरून पाहिले असता चाकाचा वरचा भाग आत झुकला आहे की बाहेर. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिले असता ज्या अक्षावर चाक वळते तो मागे किती कलला आहे. तोच अक्ष समोरून पाहिला तर किती आत कलला आहे, त्या आकड्याला कागदावर एसएआय किंवा केपीआय म्हणतात. याशिवाय सेटबॅक, म्हणजे एक पुढचे चाक दुसऱ्याच्या किती मागे आहे. आणि थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाके गाडीला कोणत्या दिशेने ढकलत आहेत.

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या कारमध्ये कंपनीने पुढच्या टोखेरीज काहीही ॲडजस्ट करण्याची सोय ठेवलेली नसते. मागचा ॲक्सल एकसंध बीमचा असतो. त्यालाही बोल्ट फिरवून काही करता येत नाही. म्हणूनच केंबर किंवा कॅस्टर लाल आला तर ते ‘अलाइनमेंट बिघडली’ म्हणून सोडून द्यायचे नसते. कुठला तरी भाग वाकला आहे किंवा सरकला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

टोमुळे गाडी सहसा ओढत नाही. स्टिअरिंग वाकडे राहते आणि टायरच्या पट्ट्यांना करवतीसारख्या कडा येतात. केंबरमुळे गाडी ज्या बाजूचा आकडा जास्त अधिक त्या बाजूला जाते. कॅस्टरमुळे ज्या बाजूचा आकडा कमी त्या बाजूला. थ्रस्ट अँगल बिघडला तर गाडी सरळ जाते, पण मागून पाहणाऱ्याला ती तिरकी चाललेली दिसते.

आता एक गाडी जवळून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. उजवे पुढचे चाक: केंबर शून्य, एसएआय साडेबारा अंश. डावे: केंबर उणे दीड अंश. मशीन डाव्या केंबरला लाल रंग देते आणि बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच थांबते. पण एसएआयही घेतला आणि तो डावीकडे १४ अंश आला, तर दोन्हींची बेरीज पुन्हा साडेबाराच होते. बेरीज दोन्ही बाजूंना सारखी, म्हणजे जंपर आणि नकल शाबूत आहेत. ते ज्या टॉवरला बांधले आहेत तो आत ढकलला गेला आहे, किंवा खालचा आधार बाहेर सरकला आहे. जंपरचे वरचे टोक आणि खालचा बॉलजॉइंट यांत ६०० मिलीमीटर अंतर धरले, तर दीड अंश म्हणजे जवळपास १६ मिलीमीटरचा सरकाव. रंगाच्या आणि सीलंटच्या थराखाली तो नजरेला दिसणार नाही.

याउलट डावा एसएआय साडेबाराच आला, तर बेरीज ११ अंश. मग टॉवर जागेवर आहे आणि जंपर किंवा नकल वाकले आहे. भाग बदलला की काम झाले. तिसरी शक्यता अशी की डावा केंबर उणे एक, उजवा अधिक एक आणि एसएआय डावीकडे तेवढाच वाढलेला, उजवीकडे तेवढाच घटलेला. हा क्रॉस मेंबर डावीकडे सरकून बसल्याचा नमुना आहे. इंजिन उतरवून परत चढवताना चार बोल्ट नीट न बसल्यामुळेही तसे होते. चार बोल्ट ढिले करून मेंबर जागेवर बसवण्याचे ते काम. त्यासाठी जंपर बदलून घेतलेले लोक आहेत.

एवढे सगळे त्या कागदातून निघू शकते. अडचण अशी की कॅस्टर आणि एसएआय घेण्यासाठी ब्रेक दाबून ठेवून टर्न प्लेटवर चाके डावी-उजवी वळवावी लागतात. रांगेत चार गाड्या उभ्या असल्या की ही पायरी गाळली जाते आणि कागदावर त्या जागा रिकाम्या राहतात. शिवाय अनेक गाड्यांसाठी मशीनमध्ये एसएआयची प्रमाण मर्यादाच भरलेली नसते, त्यामुळे आकडा आला तरी तो लाल-हिरवा होत नाही. डाव्या-उजव्याची तुलना माणसालाच करावी लागते.

चार बाजू

पहिली बाजू अलाइनमेंटवाल्यांची. आमच्याकडे गाडी येते ती टो लावण्यासाठी, त्याचे काही शे रुपये मिळतात. त्या पैशांत अपघाताची चौकशी कशी करणार, हा त्यांचा सवाल आहे आणि तो रास्त आहे. लाल आकडा दाखवून ‘लोअर आर्म बघून घ्या’ म्हटले की गिऱ्हाईक समजते, हा पार्ट खपवतोय. मशीनच्या अचूकतेबद्दलचा त्यांचा विश्वासही निराधार नाही, मात्र त्याला अटी आहेत: रॅम्प पातळीत हवा, टर्न प्लेट मोकळ्या फिरायला हव्यात, चाकाला लावायचे क्लॅम्प वाकडे नकोत आणि हवा चारही टायरांत बरोबर हवी.

दुसरी बाजू जुन्या मिस्त्रींची. त्यांचा भर गाडी चालवून बघण्यावर. ‘मशीन उभ्या गाडीचं मापतंय, चालत्या गाडीचं नाही,’ असा त्यांचा सूर असतो. त्यात तथ्य आहे. रॅक एका बाजूला वर-खाली बसला असेल, तर सपाट रॅम्पवर टो बरोबर येतो आणि खड्ड्यात चाक वर-खाली झाले की बदलतो. गाडी प्रत्येक गचक्याला दिशा सोडते. जंपरचे वरचे बेअरिंग अडकत असेल, तर वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून परत येत नाही. पसरणी घाट उतरून वाईत आल्यावरच गाडी ओढत असेल आणि तासाभराने बरी होत असेल, तर दोष कोनांत शोधू नये. तापलेला ब्रेक कॅलिपर सुटत नाही, हे अनुभवी माणूस हात न लावता सांगतो.

रस्त्यावरच्या चाचणीच्याही मर्यादा आहेत. पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला कडेकडे सुमारे दोन टक्के उतार दिलेला असतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे निर्दोष गाडीही हळूहळू डावीकडे जाते. त्यासाठी एकच रस्ता दोन्ही दिशांनी, शक्यतो मधल्या भागातून आणि अर्थातच रहदारी नसताना तपासावा लागतो. दुसरी फसगत टायरची. रेडियल टायरच्या आतल्या पट्ट्यांत दोष असेल तर सगळे कोन बरोबर असूनही गाडी ओढते. पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहावेत; ओढ दुसऱ्या बाजूला गेली की टायरच दोषी. अपघातानंतर एकच टायर नवा घातला आणि दुसरा झिजलेला राहिला, तर हा प्रश्न हमखास येतो. यासाठी काहीही खर्च नाही, तरी ही चाचणी सर्वांत शेवटी आठवते.

तिसरी बाजू बेंच असलेल्या मोठ्या बॉडीशॉपची. त्यांच्या मते आधी बॉडी मोजा, मग कोन. उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे खालच्या बिंदूंची लांबी, रुंदी, उंची तपासायची. साधारण तीन मिलीमीटरपर्यंतचा फरक चालवून घेण्याची या व्यवसायात रूढी आहे. शास्त्राच्या दृष्टीने ही सर्वांत भक्कम भूमिका, आणि मला ती सर्वांत पटते. पण हे तक्ते बाहेरच्या गॅरेजला सहज मिळत नाहीत, आणि बेंचवर गाडी चढवायची तर वेळ व पैसा दोन्ही लागतात. त्यावर मधला मार्ग म्हणजे ट्रॅम गेज किंवा साधा टेप. टॉवरच्या बोल्टांपासून समोरच्या ठरावीक भोकांपर्यंतचे कर्ण आणि दोन्ही बाजूंचा व्हीलबेस. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिलीमीटर आहे. एका बाजूला २४५० आणि दुसऱ्या बाजूला २४३५ भरला तर पुढचे किंवा मागचे चाक सरकले आहे, एवढे कळायला बेंच लागत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली त्या पलूसच्या परिसरात, कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत मायक्रोमीटर हाताळणारी माणसे घरोघरी आहेत. मोजण्याची सवय या भागाला नवी नाही. ती डेंटिंगच्या शेडपर्यंत पोहोचलेली नाही इतकेच.

चौथी बाजू सर्व्हेअरची. मोटार विम्यात ५० हजार रुपये किंवा त्याहून मोठ्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअरचे मूल्यांकन लागते. त्याला प्रत्येक भागाच्या नुकसानीचा अपघाताशी संबंध जोडावा लागतो, आणि बुश, बॉलजॉइंट, जंपर हे झिजणारे भाग असल्याने ‘हे आधीचेच’ अशी शंका त्याला येणे स्वाभाविक आहे. म्हणून गाडी खोलल्यावर, रंगकाम सुरू होण्यापूर्वी कोनांचे मोजमाप घेऊन पूरक एस्टिमेट देणे गॅरेजच्या हातात असते. ते बहुधा होत नाही. मोजमाप शेवटी होते, तोवर क्लेम बंद झालेला असतो.

पैशाचे गणितही इथेच येते. विम्यातल्या घसारा-तक्त्याप्रमाणे पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के आणि रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के कापले जातात. झीरो-डेप पॉलिसी साधारणपणे नव्या गाड्यांनाच मिळते. सात वर्षांच्या गाडीचा मालक नव्या नकलच्या किमतीचा मोठा हिस्सा खिशातून भरण्यापेक्षा ‘तेच सरळ करा’ म्हणतो. दुसरीकडे, दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. त्या रेषेच्या थोड्या अलीकडच्या गाड्या दुरुस्त होऊन रस्त्यावर येतात, आणि चालीच्या सर्वांत चिवट तक्रारी याच गाड्यांच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे.

केंबर वाकवावा का?

या सगळ्यात सर्वांत तापलेला उपप्रश्न हा. केंबर ॲडजस्ट होत नाही, म्हणून हायड्रॉलिक साधन लावून जंपरच वाकवायचा किंवा नकलच्या बोल्टचे भोक लांबवायचे, ही पद्धत सर्रास वापरली जाते. बाजू घेणारे म्हणतात, फरक अर्ध्या अंशाचा असेल, गाडी जुनी असेल, तर दोनेक लाखांच्या गाडीवर हजारोंचा खर्च कोणी करावा? काही गाड्यांसाठी उत्पादकच बारीक केंबर बोल्ट देतात, मग थोडे सरकवण्यात गैर काय? विरोधकांचे म्हणणे असे की वाकवलेल्या नळीत जंपरचा दांडा घासतो, सील गळते आणि ताण बसलेला धातू पुढे कधी दगा देईल याचा नेम नाही.

वरच्या उदाहरणाकडे परत गेले तर मुद्दा स्पष्ट होतो. टॉवर आत गेलेल्या त्या गाडीचा डावा जंपर दीड अंश बाहेर वाकवला, तर केंबर शून्य येईल आणि कागद हिरवा होईल. एसएआय मात्र १४ वरच राहील, कारण टॉवर हललाच नाही. अक्ष जमिनीला जिथे टेकतो तो बिंदू आणि टायरचा मध्य यांतले अंतर दोन्ही बाजूंना वेगळे राहील. साध्या रस्त्यावर गाडी कदाचित सरळ जाईल. जोरात ब्रेक मारला किंवा एकच चाक खड्ड्यात गेले की ती स्टिअरिंग हिसकावेल. भोके आणि बोल्ट यांचा वाद एकवेळ बाजूला ठेवता येईल, पण कारण न शोधता वाकवणे हे निदान लपवणे आहे, असे माझे मत आहे.

कायद्याची नजर

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३६ नुसार अपघातातल्या वाहनाची तपासणी होते. ती दुरुस्तीपूर्वीची असते. यांत्रिक दोषामुळे अपघात झाला का, एवढेच तिला पाहायचे असते. दुरुस्तीनंतर खासगी कारला कोणतीही सक्तीची चाचणी नाही. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची, त्यामुळे एमएच ११, एमएच ५० किंवा एमएच १० पाटीची कार पाचव्या वर्षी ठोकली आणि दुरुस्त झाली, तर परिवहन कार्यालयासमोर ती तपासणीसाठी पुढची दहा वर्षे जाणार नाही. व्यावसायिक वाहनांना ठरावीक काळाने फिटनेस लागते, आणि नव्या स्वयंचलित चाचणी केंद्रांच्या साधनांत चाकांची आडवी घसरण मोजणारा साइड-स्लिप टेस्टर असतो. खासगी कारला अपघातानंतर अशा एका पट्टीवरून नेण्याची अट घालावी का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. विरोधी मुद्दाही वजनदार आहे: साइड-स्लिप टेस्टर मुख्यतः टोचा दोष पकडतो, सरकलेला टॉवर त्यातूनही निसटेल.

सदोष दुरुस्तीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. विमा कंपनीशी वाद असेल तर तिच्याकडे लेखी तक्रार केल्यानंतर पुण्यातल्या विमा लोकपाल कार्यालयाचा मार्ग आहे. दोन्हीकडे पुरावा लागतो, आणि ‘गाडी ओढते’ हा पुरावा होत नाही.

न सुटलेले

नव्या गाड्यांनी प्रश्न आणखी अवघड केला आहे. टॉवर, पिलर, चेसिस मेंबर यांत उच्च ताकदीचे पोलाद वापरले जाते. गॅस मारून सरळ करण्याची जुनी रीत इथे घातक आहे, कारण तापवल्यावर त्या पोलादाची ताकदच जाते. कोणता तुकडा ओढायचा, कोणता कापून बदलायचा, याचे तक्ते कंपन्यांकडे असतात. रस्त्याकडेच्या डेंटरला ते कोण देणार, याचे उत्तर नाही. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिक शिकून बाहेर पडतात, पण अपघात-दुरुस्तीतले मोजमाप हा स्वतंत्र विषय म्हणून क्वचितच शिकवला जातो.

दुसरे, इलेक्ट्रॉनिक्स. स्टिअरिंग कोनाचा सेन्सर शून्यावर आणला नाही, तर यांत्रिकदृष्ट्या निर्दोष गाडीत इलेक्ट्रिक स्टिअरिंग स्वतःच एका बाजूला रेटते आणि स्थिरता नियंत्रणाचा दिवा पेटतो. २०२१ पासून एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत लेन सांभाळणारे कॅमेरे आले. त्यांचे कॅलिब्रेशन गाडीच्या खऱ्या चालीच्या रेषेशी जुळावे लागते, म्हणजे मागचा ॲक्सल वाकडा असेल तर कॅमेराही चुकीचा रस्ता बघतो. अलाइनमेंटच्या टायर दुकानात हे स्कॅनर नसतात. कंपनीच्या केंद्रात असतात, पण तिथे बाहेर झालेल्या डेंटिंगची जबाबदारी घेत नाहीत.

तिसरे, मर्यादांचा प्रश्न. उत्पादकाची हिरवी मर्यादा कधीकधी एका अंशाइतकी रुंद असते. डावे चाक तिच्या एका टोकाला आणि उजवे दुसऱ्या टोकाला असले तरी दोन्ही हिरवेच दिसतात आणि गाडी ओढतेच. दोन बाजूंमधला फरक किती चालवून घ्यावा, यावर एकवाक्यता नाही. अर्ध्या अंशाच्या आत ठेवावा, हा कामचलाऊ नियम बरेच जण पाळतात.

चौथा आणि सगळ्यात अडलेला मुद्दा जबाबदारीचा. डेंटर पत्र्याचा, फिटर सस्पेन्शनचा, टायरवाला कोनांचा, सर्व्हेअर पैशाचा. गाडी सरळ चालते यावर सही करणारा यात कोणी नाही. मोठ्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या नावाने चालीचा दाखला असावा, ही सूचना साधी आहे. शोधासाठी लागणाऱ्या दोन-तीन तासांची मजुरी कोणत्या बिलात धरायची, इथे ती अडते. माझ्या मते ती विम्याच्या एस्टिमेटमध्ये पहिल्या दिवशीच धरली पाहिजे.

तोवर मालकाच्या हातात एवढे आहे. गाडी गॅरेजला देताना धडक कुठे आणि कशी बसली ते जॉबकार्डवर लिहायला लावा, अपघाताचे फोटो द्या. रंगकामाआधीचा आणि दुरुस्तीनंतरचा, असे चारही चाकांचे दोन कागद मागा आणि दोन्हींवर कॅस्टर व एसएआयच्या जागा भरलेल्या आहेत का ते पाहा. मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी दोन्ही दिशांनी चालवा. एवढे झाले नसेल, तर ताबा-पावतीवर तसे स्वतःच्या अक्षरात लिहा आणि मगच सही करा.